ग्रिंडलांच्या तेलाचा तपास

तेलाची गाडी आली तेव्हा ऑर्विल ग्रिंडल परसात वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होता. गाडीवाल्यानं अंगणातल्या नळीच्या तोंडाला पाइप जोडला, जमिनीखालच्या टाकीत तेल सोडलं, पावती दाराच्या फटीत खोचली आणि निघून गेला. अशी गाडी वर्षानुवर्षं येत होती आणि अशी पावती ऑर्विलची बायको व्हर्ना वर्षानुवर्षं न वाचता खिळ्याला टोचत होती. त्या दिवशी व्हर्ना बहिणीकडे गेली होती, म्हणून पावती ऑर्विलच्या हाती पडली. पुढचं सगळं रामायण त्यामुळे घडलं.

ऑर्विलनं पावती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. टाकीत तिसरा हिस्सा तेल मावलं होतं, म्हणजे तेवढं संपलं होतं. आता, मागची गाडी येऊन गेली ती घर तापवणं बंद केल्यावर. तेव्हापासून रेडिएटर थंडगार होते, खिडक्या उघड्या होत्या, आणि आठवडाभर तर पंखासुद्धा लागत होता. अमेरिकेच्या मेन राज्यात समुद्रकाठी पंखा लागणं ही काही रोजची गोष्ट नाही. मग हे तेल प्यालं कोण?

दुसऱ्या कुणी ही पावती मुकाट्यानं खिळ्याला लावली असती. पण ऑर्विल जन्मभर बेकर्स कोव्हच्या घरपट्टी कचेरीत मोजणीदार होता. गावातलं एकही घर असं नव्हतं, ज्याच्या भोवती त्यानं टेप धरून प्रदक्षिणा घातली नव्हती. कुणाचा ओटा किती पुढे आला, कुणी माळ्यावर चोरून खोली काढली, हे त्याच्या डोळ्यांतून सुटत नसे. अशा माणसाच्या स्वतःच्या अंगणातून तिसरा हिस्सा टाकी नाहीशी व्हावी आणि त्याला पत्ता लागू नये, हा तेलाचा प्रश्न राहिलाच नव्हता. हा अब्रूचा प्रश्न होता.

त्यानं तेल कंपनीला फोन लावला. मॅनेजर क्लेटन हूपर स्वतः फोनवर आला.

"ग्रिंडलसाहेब, तुमच्या नळाचं गरम पाणी त्याच बॉयलरमधून येतं," हूपर म्हणाला. "पाणी तापवायला तेल लागणारच."

"इतकं?"

"आंघोळी होत असतील भरपूर."

"आम्ही घरात दोघंच आहोत."

"दोघं असले म्हणून काय झालं? रिटायर्ड माणसांना वेळ असतो."

ऑर्विलनं फोन खाली ठेवला. ऑर्विलची आंघोळ ज्यानं पाहिली नाही तोच असं बोलू शकेल, आणि ती व्हर्नाखेरीज कुणी पाहिली नव्हती हे योग्यच होतं. टबात तो इतकं कमी पाणी घेई की त्याचे गुडघे सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोरडे असत. काटकसर हा त्यात भाग होताच, पण मुख्य म्हणजे माणसानं पाण्यात लोळत पडू नये असं त्याचं मत होतं. लोळायला समुद्रात सील आहेत.

संध्याकाळी त्यानं व्हर्नाला हूपरचं बोलणं शब्दन्‌ शब्द ऐकवलं.

"मग बरोबरच आहे की," व्हर्ना म्हणाली. "पाण्याला लागत असेल तेल."

"किती लागावं याला काही मर्यादा?"

"तू आता हे मोजणार आहेस का?"

ऑर्विल काही बोलला नाही. व्हर्नानं सुस्कारा टाकला आणि बटाटे सोलायला घेतले. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर कुठल्या मौनाचा अर्थ काय, हे बायकांना विचारावं लागत नाही.

शेजारी मर्टन कार्व्हर राहत असे. तो पूर्वी मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि आता लोकांच्या आयुष्याची दुरुस्ती करायचा. सल्ला देण्याच्या बाबतीत त्यानं कधी हात आखडता घेतला नाही. ऑर्विल तळघराच्या खिडकीजवळ कान लावून बसलेला दिसताच तो कुंपण ओलांडून आला.

"आवाज ऐकतोय," ऑर्विल म्हणाला. "बॉयलरचा बर्नर मधेच पेटतो, घरघरतो, विझतो. सकाळपासून गरम पाण्याचा नळ कुणी उघडलेला नाही. तरी पेटतो."

"कितीदा पेटतो?"

"हे बघ, मी इथे दिवसभर बसू शकत नाही. व्हर्नाला लोक काहीबाही विचारायला लागलेत."

मर्टननं टोपी मागे सारली. "एक विजेचं घड्याळ घे. बर्नरच्या वायरीला जोड. बर्नर पेटला की घड्याळ चालेल, विझला की थांबेल. दिवसाच्या शेवटी काटे किती सरकले ते बघायचं. तेवढा वेळ तेल जळलं."

कल्पना इतकी सरळ होती की मर्टनच्या डोक्यातून निघाली यावर ऑर्विलचा क्षणभर विश्वास बसेना. घरात विजेचं घड्याळ एकच होतं, स्वयंपाकघरातलं. ते काढून तळघरात न्यायचं तर तिथे काटे बघायला दिवा लावावा लागेल, म्हणजे एक उधळपट्टी शोधताना दुसरी. तेव्हा दोघांनी जमिनीला भोक पाडून वायर वर घेतली आणि घड्याळ होतं तिथेच, चुलीवरच्या भिंतीवर राहू दिलं. फक्त आता ते जगाची वेळ दाखवत नव्हतं, बॉयलरची दाखवत होतं. हे व्हर्नाला सांगायचं राहून गेलं.

गावात केस कापणारी बाई फक्त बुधवारी येई. त्या बुधवारी व्हर्नानं घड्याळाकडे बघितलं, भरपूर वेळ होता. तिनं कॉफी केली. नंतर बघितलं, तरी भरपूर वेळ होता. तिनं खिडक्यांचे पडदे काढून नवे लावले. आज काम किती भराभर होतंय याचं तिला कौतुक वाटलं. मग ती सावकाश चालत केस कापणाऱ्या बाईच्या दुकानापर्यंत गेली आणि दाराला लावलेलं कुलूप बघून परत आली.

"ऑर्विल," ती दारातूनच म्हणाली, "या घड्याळाला काय झालंय?"

"काही झालेलं नाही. उत्तम चाललंय. नऊपासून पाऊण तास पुढे गेलंय, आणि गरम पाणी कुणी वापरलेलंच नाही." ऑर्विलचा चेहरा उजळला होता. "कळतंय का तुला? पाणी कुणी घेवो न घेवो, तो बॉयलर स्वतःलाच तापवत बसतो. पाणी मागेल कुणीतरी, या आशेवर. दिवसभर."

"आणि माझे केस?"

केसांचा या शोधाशी काय संबंध, हे ऑर्विलच्या लक्षात यायला वेळ लागला. तोपर्यंत व्हर्ना अंगणात पिओनीच्या फुलझाडांपाशी जाऊन बसली होती. ती झाडं तिनं तेलाच्या टाकीवरच्या मातीत वाढवली होती. नवऱ्यावर रागावली की ती तिथे जाऊन तण उपटत असे, आणि त्यामुळे तो वाफा गावातला सगळ्यात स्वच्छ वाफा होता.

ऑर्विलनं हूपरला पुन्हा फोन केला आणि घड्याळाचा निकाल सांगितला. हूपरनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तेल घड्याळात मोजत नाहीत, ग्रिंडलसाहेब. तुमचा बॉयलर उत्तम आहे. गरम पाण्याला असं फार तेल लागत नाही."

"परवा तुम्ही म्हणालात, आंघोळींमुळे लागतं."

"लागतं. पण फार नाही."

"मग माझ्या टाकीतलं तेल गेलं कुठे?"

"ते मी कसं सांगणार? टाकी तुमच्या अंगणात आहे," हूपर म्हणाला.

आता ऑर्विलसमोर एकच मार्ग उरला. ज्या गृहस्थानं जन्मभर सरकारात नोकरी केली, त्याचा शेवटी सरकारवरच विश्वास असतो. एका घरगुती बर्नरनं गरम पाण्यासाठी किती तेल जाळावं, याचा सरकार दरबारी काही नियम असणारच, अशी त्याची खात्री होती. त्यानं राजधानीला फोन लावला. पहिल्या बाईनं त्याला दुसरीकडे जोडून दिलं, दुसरीनं तिसऱ्याकडे, तिसऱ्यानं पहिलीकडे. तिनं त्याचा आवाज ओळखला आणि शरमेनं त्याला एका भलत्याच खात्याकडे जोडून दिलं. तिथली बाई मात्र फार गोड होती. तिनं सगळं टिपून घ्यायला सुरुवात केली.

"म्हणजे तुमचं तेल कमी होतंय."

"हो."

"आणि ते कुठे जातंय हे तुम्हाला माहीत नाही."

"तोच तर प्रश्न आहे."

"टाकी कुठे आहे, साहेब?"

"जमिनीखाली. पुरलेली."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग बाईनं पत्ता विचारला, शेजारी किती विहिरी आहेत ते विचारलं, आणि तुम्ही घरीच थांबा म्हणाली. सरकारनं इतक्या आपुलकीनं आपली चौकशी केल्याचं ऑर्विलला फार बरं वाटलं. त्यानं व्हर्नालाही तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी नारिंगी रंगाचे शंकू उभे राहिले आणि सरकारी गाडीतून मिस पार्लिन उतरली. ही बाई उंच, हडकुळी होती आणि तिच्या चेहऱ्याला हसायची सवय नव्हती. तिनं पिओनीच्या वाफ्याभोवती पिवळी फीत बांधली.

"गळती कधी लक्षात आली?" तिनं विचारलं.

"गळती नाहीच आहे," ऑर्विल म्हणाला. "बर्नर जास्त तेल जाळतो, एवढंच मी म्हणालो."

पार्लिनबाईंनी हातातला कागद बघितला. "इथे तर 'तेल नाहीसं, कारण अज्ञात, टाकी जमिनीत' असं आहे."

"ते खरं आहे, पण त्याचा अर्थ तसा नाही."

"खरं असेल तर अर्थ मी काढीन," बाई म्हणाल्या आणि शेजारच्या विहिरीकडे वळल्या.

दुपारपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून झालं आणि प्रत्येक दारावर सूचना लागली: चाचणीचा निकाल येईपर्यंत पाणी पिऊ नये, स्वयंपाकाला वापरू नये. गल्लीच्या टोकाला चर्च होतं आणि त्याची विहीरही याच रांगेत होती. शनिवारी चर्चमध्ये बीन्सची जेवणावळ असे. भिजवलेले बीन्स रात्रभर मंद आचेवर शिजत, आणि पंचक्रोशीतून लोक ताटं घेऊन येत. ही जेवणावळ महायुद्धात बंद पडली नव्हती, हिमवादळात पडली नव्हती. ती ऑर्विल ग्रिंडलच्या फोनामुळे बंद पडली.

संध्याकाळी लोक ग्रिंडलांच्या कुंपणापाशी जमले. सगळ्यांच्या पुढे इडा डायर होती. गावात तिला सगळे इडाआजी म्हणत, तिच्या तोंडावरसुद्धा.

"माझं कोंबड्यांचं खुराडं याच माणसानं खोली म्हणून लावलं होतं," ती जमावाला म्हणाली. "म्हणे छप्पर आहे, दार आहे, खिडकी आहे. वर्षानुवर्षं मी कोंबड्यांची घरपट्टी भरली. आणि आता माझ्या कोंबड्यांना पाणी नाही."

"इडाआजी, खुराड्याला पडदे होते," ऑर्विल म्हणाला.

"ऊन लागायचं त्यांना."

मर्टन कार्व्हर जमावात मागे उभा होता. कुणीतरी त्याला विचारलं की या ऑर्विलच्या डोक्यात हे मोजायचं खूळ कुणी भरवलं. "मी तर पहिल्यापासून सांगत होतो," मर्टन म्हणाला, "की बाबा, मोजू नकोस." ऑर्विलनं त्याच्याकडे बघितलं. मर्टननं टोपी पुढे ओढली.

माणसं पांगल्यावर पार्लिनबाई परत आल्या. सोमवारी खणायचं यंत्र येईल, टाकी उकरून बघावी लागेल, वाफा जाईल, असं त्यांनी सांगितलं. व्हर्ना दारात उभी होती. पिओनी एका जागची उपटली तर वर्षानुवर्षं रुसून बसते, फुलत नाही. ती आत गेली आणि तिनं दार हळूच लावलं. तिनं ते आपटलं असतं तर ऑर्विलला बरं वाटलं असतं.

खरं सांगायचं तर कुठल्याही शहाण्या माणसानं त्या क्षणी माफी मागितली असती. चुकलं, माझी समजूत चुकली, बॉयलर चांगला आहे, आंघोळी आम्हीच जास्त करतो, असं म्हणून हात जोडले असते. पण ऑर्विलचा असा एक विशेष होता की सगळं जग विरुद्ध गेलं की त्याचा कणा आपोआप ताठ होई. लोक एकमतानं सांगत असलेली मापं बहुधा चुकीची असतात, हे तो नोकरीत शिकला होता.

"बाई," तो म्हणाला, "टाकीला भोक असेल तर बॉयलर बंद असतानाही तेल कमी होईल ना?"

"होईल."

"आणि बॉयलर बंद केल्यावर तेल जागच्या जागी राहिलं, तर भोक नाही?"

पार्लिनबाई थांबल्या. "भोक नाही, असं म्हणता येईल."

"मग बंद करा तो. त्याच्या बटणाला तुमचं सील लावा. मी काठी बुडवून माप देतो, तुम्ही तुमच्या काठीनं घ्या. तेल बोटभर जरी उतरलं तरी सगळं अंगण खणा, घर खणा, मलाही खणा. पण उतरलं नाही तर बॉयलर सुरू करू, गरम पाण्याला कुणी हात लावणार नाही, आणि परत मोजू. मग उतरलं तर ते कुठे गेलं हे तुम्हीच मला सांगा."

पार्लिनबाईंनी त्याच्याकडे जरा नव्या नजरेनं पाहिलं. लोक सरकारी बाईला बहुधा फक्त विनवण्या करतात. उलट अट घालणारा माणूस त्यांना बऱ्याच दिवसांनी भेटला होता. "यंत्र पुढे ढकलते," त्या म्हणाल्या. तळघरात जाऊन त्यांनी बॉयलरचं बटण बंद केलं आणि त्यावर लाल चिकटपट्टी लावली.

घरातलं गरम पाणी गेलं. व्हर्ना रोज संध्याकाळी बहिणीकडे जाऊन आंघोळ करू लागली आणि जेवायलाही तिथेच थांबू लागली. ऑर्विलला बहिणीकडे बोलावणं नव्हतं, आणि असतं तरी तो गेला नसता. अभियुक्तानं कोठडीबाहेर आंघोळ करू नये, असं त्याचं तत्त्व. तो सकाळी अंगावर आंघोळीचा झगा चढवून, खांद्यावर टॉवेल टाकून सगळ्या गल्लीच्या देखत मान ताठ ठेवून समुद्रावर जाई. तिथला समुद्र जुलैमध्येही असा असतो की त्यात पाय बुडवला की पोटऱ्यांची जाणीव जाते. ऑर्विल कमरेपर्यंत शिरे, एकदा खाली बसे, आणि बाहेर येताना निळ्या ओठांनी भेटेल त्याला शुभ सकाळ म्हणे. इडाआजी खिडकीतून बघत असे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती म्हणाली, "माणूस खडूस आहे, पण खोटा नसावा. खोटं बोलणारे इतक्या गार पाण्यात शिरत नाहीत." हा शेरा गल्लीत फिरला.

ठरल्या दिवशी पार्लिनबाई आल्या. सगळी गल्ली कुंपणापाशी आली. बाईंनी नळीचं झाकण काढलं, काठी आत सोडली, वर काढली आणि उन्हात धरली. तेल होतं तिथेच होतं. केसभरही उतरलेलं नव्हतं.

मर्टन पुढे आला. "मी म्हटलंच होतं," तो म्हणाला.

"तू काय म्हटलं होतंस, मर्टन?" व्हर्नानं विचारलं.

मर्टनला नेमकं आठवेना.

बाईंनी लाल पट्टी काढून बॉयलर सुरू केला आणि गरम पाण्याच्या नळांना, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात, नव्या पट्ट्या चिकटवल्या. आता गंमत अशी झाली की घरात उकळतं पाणी होतं आणि त्याला हात लावायची बंदी होती. ऑर्विलचं समुद्रावर जाणं चालूच राहिलं. मात्र आता गल्लीतले दोघं-तिघं त्याच्या सोबतीला जाऊ लागले. सोबतीला म्हणजे काठावर उभं राहायला. खाली तळघरात बर्नर पेटत होता, घरघरत होता, विझत होता, कुणीच मागत नसलेलं पाणी तापवत होता, आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ त्याच्या मर्जीप्रमाणे चालत होतं. व्हर्नानं आता मनगटी घड्याळ लावलं होतं.

पुढच्या मापाला तेल चांगलं बोटभर उतरलेलं निघालं. पार्लिनबाईंनी नळांवरच्या पट्ट्या तपासल्या, त्या जशाच्या तशा होत्या. विहिरींच्या पाण्याचा निकालही त्याच सुमारास आला. सगळं पाणी शुद्ध होतं. बाईंनी वाफ्याभोवतीची पिवळी फीत सोडून नीट गुंडाळली, व्हर्नाला म्हणाल्या, "सुंदर झाडं आहेत," आणि निघून गेल्या.

पण प्रकरण तिथे संपलं नाही. ऑर्विलनं हाक दिली नव्हती, तरी लोकांनाच आता राग चढला होता. गल्लीतल्या प्रत्येक घरात तसाच बॉयलर होता. कुणीच मागत नसलेलं पाणी आपल्याही तळघरात तापतंय, हे ऐकल्यापासून प्रत्येकाला तो घरघराट ऐकू येऊ लागला होता. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात सगळे बसले आणि क्लेटन हूपरला बोलावलं. तो आला. गल्लीभर त्याचीच गाडी तेल टाकत होती, त्याला न येऊन चालण्यासारखं नव्हतं.

ऑर्विल उभा राहिला. त्याच्या हातात कागद नव्हता.

"हूपरसाहेब, तुम्ही मला म्हणालात की या बॉयलरला गरम पाण्यासाठी फार तेल लागत नाही. बरोबर?"

"बॉयलर चांगले आहेत," हूपर म्हणाला.

"मग फार लागत नसेल, तर माझं तेल जमिनीत गेलं असणार. म्हणजे टाकीला भोक असणार. आणि दर उन्हाळ्याला तुमची गाडी येऊन भोक असलेल्या टाकीत तेल ओततेय, शेजारी विहिरी असताना. हे मी पार्लिनबाईंना कळवू का?"

हूपरनं रुमाल काढला. 

"भोक नाही हो," हूपर म्हणाला. "कसं असेल? अहो, हे बॉयलर असेच असतात. पाणी मागाल तेव्हा लगेच मिळावं म्हणून त्याला चोवीस तास स्वतःला गरम ठेवावंच लागतं. हिवाळ्यात घर तापतंच, तेव्हा कळत नाही. उन्हाळ्यात नुसत्या आंघोळीसाठी तो अधाशासारखं तेल पितो. धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे हे."

"आम्हाला नव्हतं," ऑर्विल म्हणाला आणि खाली बसला.

त्याचा विजय पूर्ण झाला होता. इडाआजीनं त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि खुराड्याचा विषय काढला नाही. सभा इथे संपली असती तर फार बरं झालं असतं. पण हूपरला वाटलं, जाता जाता वातावरण जरा हलकं करावं.

"आता तसं बघितलं तर," तो हसत म्हणाला, "सगळा दोष बॉयलरला देता येत नाही. घरात बायका असल्या की गरम पाणी लागतंच. दिवसातून दहा वेळा नळ सोडायचा, बशी धुवायची असली तरी गरम पाणी. बायकांनी मनावर घेतलं तर उन्हाळ्यात बॉयलरची गरजही पडणार नाही. पण त्या कुठल्या ऐकायला."

व्हर्ना ग्रिंडल तिसऱ्या रांगेत बसली होती. ती गावच्या सभेत जन्मात कधी बोलली नव्हती. ती उठली, पर्स बाकावर ठेवली.

"मिस्टर हूपर," ती म्हणाली, "गेल्या आठवड्यापर्यंत मला वाटत होतं की माझा नवरा वेडा आहे. हा सगळा तमाशा ज्यानं केला तो वेडाच आहे. पण तुम्ही त्याला एक सांगितलंत, सरकारच्या भीतीनं दुसरं सांगितलंत, आणि आता खापर आमच्या बशांवर फोडताय. तेव्हा ऐकून जा. बर्फ पडेपर्यंत ग्रिंडलांच्या घरात गरम पाणी तापणार नाही. चुलीवर नाही, किटलीत नाही, बहिणीकडे नाही. मी आंघोळ गार पाण्यानं करीन आणि बशाही गार पाण्यानं धुवीन. ज्या बायकांना माझ्यासोबत यायचंय त्यांनी घरी जाऊन बटण बंद करावं."

आणि ती बसली. मग इडाआजीनं हात वर केला. तिच्या मागे पाळकाच्या बायकोनं, मग मर्टनच्या बायकोनं, आणि मग एकेक करून बहुतेक सगळ्यांनी. मर्टननं बायकोचा हात खाली ओढायचा प्रयत्न केला, पण त्यात फार जोर नव्हता.

ऑर्विल घरी आला तो तरंगत आला. त्याला व्हर्नाचा असा अभिमान आयुष्यात वाटला नव्हता. पण त्याच्या मनात, इतके दिवस समुद्राच्या पाण्यात बसता बसता, एक स्वप्न वाढलं होतं. निकाल लागला की एकदा, फक्त एकदा, टब काठोकाठ भरायचा. गुडघे कोरडे ठेवायचे नाहीत. पाणी हनुवटीपर्यंत, वाफाळतं, आणि त्यात निवांत लोळायचं, सीलसारखं. भाषणं लोकांसाठी असतात, असं त्यानं स्वतःला समजावलं. बायकोनं सभेत जे सांगितलं ते तत्त्व म्हणून ठीकच होतं. उद्यापासून अमलात आणता येईल.

व्हर्ना त्याच्या आधीच घरी येऊन वर कपडे बदलत होती. तो पावलांचा आवाज न करता तळघरात उतरला. बॉयलरपाशी गेला. बटणावर पिओनीची फांदी बांधायची सुतळी गच्च गुंडाळलेली होती, गाठीवर गाठ. तो ती गाठ सोडवू लागला.

"हात लावू नकोस," जिन्यावरून आवाज आला.

व्हर्ना झग्यात उभी होती. केसांना टॉवेल बांधलेला, ओठ निळे. तिची आंघोळ झाली होती.

"व्हर्ना," ऑर्विल म्हणाला, "आता सगळं सिद्ध झालंय. फक्त आजचा दिवस."

"तुझं सिद्ध झालंय. माझं व्हायचंय अजून."

"बर्फ पडायला अजून तीन-चार महिने आहेत."

"मी बर्फ म्हणाले ते विचार करूनच म्हणाले." तिचे दात वाजत होते, पण आवाज स्थिर होता. "वर तुझा टॉवेल ठेवलाय. आणि ऑर्विल, सगळी गल्ली ऐकतेय. ओरडू नकोस."

ऑर्विल वर गेला. न्हाणीघराची खिडकी उघडी होती. टबात उभा राहून त्यानं गार नळाला हात घातला आणि जरा थांबला. पलीकडच्या खिडकीतून मर्टन कार्व्हरची लांबलचक किंकाळी आली, मग त्याच्या बायकोचा आवाज, "अजून मान राहिलीय." ऑर्विलनं दात आवळले, मर्टनपेक्षा कमी ओरडायचं असं ठरवलं, आणि नळ पूर्ण सोडला.